मूर्तिभंजकाचे स्मारक

१

कवीचे स्मारक ही मुळातच एक अवघड वस्तू आहे. सेनापतीच्या स्मारकाला घोडा आणि तलवार पुरते. दात्याला त्याने बांधलेली धर्मशाळाच स्मारकासारखी उपयोगी पडते. कवी मागे ठेवून जातो ते शब्द, आणि शब्दांना जागा लागत नाही. ज्याच्या ओठी ते असतील त्याच्याबरोबर ते प्रवास करतात. मग कवीसाठी दगडविटा रचावयाच्या त्या कशासाठी? आणि रचल्याच, तर त्या त्याच्या शब्दांशी इमान राखून रचल्या गेल्या की नाहीत, हे ठरवावयाचे कशावरून?

आपल्याकडे स्मारकांविषयी लिहिले जाते ते बहुधा उद्घाटनाच्या वृत्तांतात किंवा प्रवासवर्णनात. वृत्तांतावरून व्यासपीठावर कोण कोण होते ते कळते, प्रवासवर्णनावरून समुद्र कसा दिसला ते कळते. परंतु स्मारक हा कवीचा लावलेला एक अर्थ असतो. कोणती कविता पुढे मांडावयाची, कोणती मागे ठेवावयाची, कवीला एकटा उभा करावयाचा की चारचौघांत बसवावयाचा, हे सारे निर्णय वस्तुतः टीकाकाराचे निर्णय आहेत. फक्त ते शाईऐवजी चुन्यादगडात घेतलेले असतात. म्हणून ग्रंथाचे जसे परीक्षण होते, तसे स्मारकाचेही व्हावयास हरकत नसावी. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथील केशवसुत स्मारकाकडे त्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मालगुंडच निवडण्यास दोन कारणे आहेत. ज्या कवीपासून आधुनिक मराठी कवितेचा आरंभ मानला जातो त्याचे हे स्मारक आहे, हे पहिले कारण उघडच आहे. दुसरे कारण असे की, स्वतःचे स्मारक होण्याच्या कल्पनेशी ज्याची कविता सहजासहजी जुळवून घेणार नाही, असा मराठीतील कवी कोणता, असे कोणी विचारले तर प्रथम केशवसुतांचेच नाव घ्यावे लागेल. ज्याने ‘मूर्तिभंजन’ लिहिले त्याची मूर्ती घडवावयाची कशी, हा मालगुंडपुढचा खरा प्रश्न होता.

२

स्मारकाची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९९० मध्ये रत्नागिरीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष श्री. मधु मंगेश कर्णिक होते. पुढल्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली, आणि या परिषदेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे केशवसुतांचे स्मारक. कवीच्या जन्मगावी, गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडात, ते उभे राहिले आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोणा संस्थानिकाने किंवा सरकारी खात्याने वरून पाठविलेले हे स्मारक नव्हे. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन, एका प्रदेशाने आपल्या कवीसाठी केलेले हे काम आहे. केशवसुतांचे निधन १९०५ मधले. म्हणजे गावाला आपला कवी असा परत आणावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. हा विलंब लाजिरवाणा म्हणावा की स्वाभाविक, याविषयी दोन मते होऊ शकतील. पण उशिरा होण्याचा एक लाभ झाला. मधल्या काळात मराठी कविता पुष्कळ पुढे गेली होती, आणि त्या सगळ्या वाटचालीला स्मारकात स्थान देता आले.

स्मारकाचे भाग तीन. पहिले, कोकणी धाटणीचे जुने घर, नीटनेटके करून जपलेले. दुसरे, उघड्या आवारात शिळांवर कोरून मांडलेल्या केशवसुतांच्या कविता. तिसरे, केशवसुतांनंतरच्या मराठी कवींची ओळख करून देणारे काव्यदालन व त्याच्या जोडीचे ग्रंथालय. घर, शिळा आणि दालन, या तिन्हींचा आपापला एक अर्थ आहे. घर म्हणते, हा आमचा. शिळा म्हणतात, हे त्याचे. आणि दालन म्हणते, हे त्याच्यामुळे. या तीन विधानांचा केशवसुतांच्या कवितेशी मेळ कितपत बसतो, ते आता पाहावयाचे आहे.

३

त्यासाठी प्रथम कवीकडेच जावयास हवे. कारण स्मारक म्हणजे काय, याविषयी केशवसुतांनी स्वतःच काही म्हणून ठेविले आहे.

‘मूर्तिभंजन’ या कवितेचे नाव ऐकताच भाविक मनाला धक्का बसतो. पण ती नुसत्या विध्वंसाची कविता नव्हे. मूर्ती फोडा असे ती सांगते खरी. पण ते आत जी संपत्ती दडलेली आहे ती हाती यावी म्हणून. सोमनाथाच्या मूर्तीविषयी जी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते तिचा असा उलटा उपयोग करण्याचे धैर्य त्या काळात दुसऱ्या कोणा मराठी कवीला झाले नसते. मूर्तीभोवती आरती ओवाळीत बसणाऱ्याला ती संपत्ती कधीच दिसत नाही, कारण त्याची नजर पृष्ठभागावरच खिळलेली असते. रूढी, परंपरा, शब्दप्रामाण्य या साऱ्यांना हा दृष्टान्त लागू पडतो. तो तितक्याच चोखपणे कवीच्या कीर्तीलाही लागू पडतो. केशवसुत हीही आता एक मूर्तीच झाली आहे. ‘आधुनिक मराठी काव्याचे जनक’ ही तिची घोटून गुळगुळीत झालेली प्रभावळ. ती प्रभावळ पुसूनपुसून चकचकीत ठेवणे म्हणजे स्मारक, की ती फोडून आतले धन येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत घालणे म्हणजे स्मारक? कवीचे उत्तर आपल्यापाशी आहे.

दुसरी कविता ‘मयूरासन आणि ताजमहाल’. १८९२ मधली ही चौदा ओळींची रचना मराठीतील पहिले सुनीत म्हणून ओळखली जाते. वृत्तबंधाचा इतिहास लिहिणारे तिच्याकडे तेवढ्याच दृष्टीने पाहतात. तिचा विषय कोणता याकडे फारसे लक्ष जात नाही. मराठीतले पहिले सुनीत स्मारकांविषयी आहे! एकाच शाहजहानच्या दोन निर्मिती, एक वैभवाची व दुसरी प्रेमाची, कवीने शेजारी शेजारी ठेविल्या आहेत. आम्हां दिल्लीकरांना या कवितेचा अर्धा भाग डोळ्यांनी पाहता येतो. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासमध्ये, जेथे मयूरासन ठेवीत असत असे सांगतात, तेथे आता संगमरवरी चौथरा तेवढा आहे. आसन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. ताजमहाल मात्र यमुनेच्या काठी आहे तेथेच आहे. सत्तेने स्वतःसाठी केलेली वस्तू दुसरी सत्ता उचलून नेते. दुसऱ्या कोणासाठी झुरून केलेली वस्तू उचलून नेता येत नाही. सुनीत वाचल्यावर मनात राहतो तो हा विचार, आणि कोणत्याही स्मारकाला लावण्यासारखी ही कसोटी आहे: हे कोणी आपल्या मोठेपणासाठी केले, की ज्याची उणीव भासते त्याच्यासाठी?

तिसरी कविता ‘रांगोळी घालताना पाहून’. घरची स्त्री अंगणात रांगोळी घालीत आहे, आणि सूर्य, चंद्र, कमळ अशा त्या साध्या आकृतींत कवीला मोठे अर्थ दिसू लागतात. क्षुद्र भासणाऱ्या गोष्टीत मोठे पाहणे हे केशवसुतांच्या दृष्टीचे लक्षण असे आपण वर्गात शिकलो. पण रांगोळीचा आणखी एक गुण आहे: ती टिकत नाही. वाऱ्याने उडते, पावलांनी विस्कटते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घालावी लागते. ताजमहाल एकदा बांधला की झाला. रांगोळीचे तसे नाही, ती घालणारा हात रोज हवा. कवितेचे जगणे यांपैकी कशासारखे आहे? माझ्या मते रांगोळीसारखे. कोणीतरी आज ती म्हटली, तरच ती आज आहे.

या तीन कवितांतून तीन कसोट्या हाती येतात. स्मारकाने मूर्ती पुजावी की आतले धन वाटावे? ते कोणासाठी? आणि ते एकदाच घडून गेलेले आहे की रोज नव्याने घडते?

४

या कसोट्यांवर मालगुंड बरेचसे उतरते, हे प्रथम सांगितले पाहिजे.

त्याचे सर्वांत मोठे श्रेय म्हणजे काव्यदालन. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी केशवसुत नीट वाचले होते, असे मला वाटते. ‘आम्ही कोण?’ या कवितेवर गर्विष्ठपणाचा आरोप पुष्कळदा झाला. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मध्ये तिचे जे विडंबन केले, त्यानंतर तर ती मूळ कविता गंभीरपणे वाचणेच अनेकांना कठीण झाले. पण त्या कवितेच्या नावातच तिचा बचाव आहे. तेथे ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. जगाकडून उपेक्षित राहिलेल्या एका पगारी शिक्षकाने स्वतःचा नव्हे, तर कवींच्या सबंध जातीचा अधिकार सांगितला. आता मालगुंडच्या आवारात केशवसुत एकटे नाहीत. त्यांच्यानंतर आलेले कवी त्यांच्या घरी मुक्कामाला आले आहेत. उद्घाटनालाही राजकारणी नव्हे, तर कवी कुसुमाग्रज आले होते. ‘आम्ही’ या सर्वनामाचा एवढा अचूक अर्थ आजवरच्या कोणत्या टीकालेखात लावला गेला असेल, तर तो माझ्या वाचनात नाही.

आणि यात ऐतिहासिक औचित्यही आहे. केशवसुतांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. त्यांच्या कविता नियतकालिकांतून विखुरल्या गेल्या: जळगावच्या ‘काव्यरत्नावली’त, हरिभाऊंच्या ‘करमणूक’मध्ये, मित्रांच्या ‘मनोरंजना’त. ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह हरि नारायण आपट्यांनी काढला तो १९१७ मध्ये, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. उपलब्ध कविता अवघ्या एकशे पस्तीस. एवढ्या लहानशा पुंजीवर हा कवी युगप्रवर्तक ठरला याचे कारण, गोविंदाग्रजांसारख्यांनी स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवून घेतले, बालकवी-रेंदाळकरांच्या पिढीने ती वाट रुळविली. म्हणजे केशवसुत मोठे झाले ते दुसऱ्या कवींच्या हातून. त्यांचे खरे स्मारक अगोदरच त्या कवींनी रचून ठेविले होते. मालगुंडने त्याला छप्पर दिले, इतकेच.

शिळांच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे संमिश्र आहे. कविता उघड्या आकाशाखाली, चालता चालता वाचता याव्यात, ही कल्पना चांगली. गणपतीच्या दर्शनाला आलेला प्रवासी, ज्याने शाळा सोडल्यापासून कवितेचे पुस्तक हाती धरले नाही, तोही येथे दोन ओळींपाशी थबकतो. हे काही थोडे नव्हे. पण शिळेचा एक दोष आहे, आणि तो मालगुंडचा नव्हे तर सर्वच कोरीव लेखांचा आहे. जे कोरले गेले ते घोषवाक्य होऊ पाहते. ‘तुतारी’ दगडावर शोभते. तिचा आवाजच मैदानी आहे. पण ‘हरपले श्रेय’ दगडावर कशी शोभेल? ती १९०५ मधली, आयुष्याच्या अगदी अखेरीची कविता. काहीतरी गमावले आहे, काय ते नेमके सांगता येत नाही, आणि शोध मात्र थांबत नाही, अशा मनाची ती कविता आहे. ‘झपूर्झा’तले ते अर्थाच्या अलीकडचे, मुलींच्या खेळातून उचललेले गूढ शब्द छिन्नीला कसे मानवतील? सार्वजनिक स्मृतीला नेहमी उंच आवाजाचा कवी आवडतो. म्हणून केशवसुत म्हटले की आपल्याला तुतारी ऐकू येते, आणि ‘सतारीचे बोल’ ऐकणारा, मध्यरात्री अंधारात थांबलेला तो खिन्न माणूस विसरला जातो. ज्याने ‘नवा शिपाई’ लिहिला त्यानेच हेही लिहिले. बंडखोर आणि हुरहुरणारा, असे दोन केशवसुत नाहीत. एकच आहे, आणि हुरहूर हेच त्या बंडाचे मूळ आहे. दोहोंपैकी एकालाच दगडावर घेतले, तर तो अर्धा कवी होतो.

तशीच ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता. हा प्रश्न अद्याप प्रश्नच आहे. ज्या गावात, ज्या देशात, कवीचे स्मारक उभे राहते तेथे त्या मुलाला आज काय उत्तर मिळते, हे कोणतीही शिळा सांगू शकत नाही. ते स्मारकाच्या दारातून आत येणाऱ्या मुलांच्या रांगेवरून कळेल. तो पाहण्याचा अधिकार व कर्तव्य त्या गावाचे आहे. मी येथून त्याविषयी निकाल देणे योग्य नाही. परंतु ती कविता स्मारकातल्या कवीला स्वस्थ बसू देत नाही, एवढे खास.

५

आता घराविषयी. येथे माझा स्मारकाशी खरा वाद आहे, आणि तो वाद आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

घर म्हणते, हा आमचा. गोष्ट खरी आहे. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ मध्ये मालगुंडात झाला. पण त्यांच्या चरित्रातील गावांची यादी जरा क्रमाने वाचावी. शिक्षण खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे हिंडत झाले. मॅट्रिक होईपर्यंत १८८९ साल उजाडले होते. त्यानंतर मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. मुंबईत प्लेग आल्यावर खानदेशात भडगाव, मग फैजपूर. १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगनेच मृत्यू. वय चाळिशीच्या आत.

ही यादी आपल्याला अनोळखी वाटते काय? बदलीच्या हुकमांची नोंद असलेले ते एक सेवापुस्तकच आहे. पोटासाठी मुलूख सोडावयाचा, नव्या गावात भाड्याची खोली शोधावयाची, मुलांच्या शाळेची चिंता करावयाची, आणि रात्री दिवा लावून आपल्या भाषेत चार ओळी लिहावयाच्या, हे जे आपल्यांपैकी अनेकांचे आयुष्य, तेच केशवसुतांचे होते. आधुनिक मराठी कवितेचा जनक कन्नड मुलखात नोकरीवर असताना, परगावी वारला. कवींच्या चरित्रात ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. मला ती मध्यवर्ती वाटते.

कारण मालगुंडच्या घराचे जे काही मोल केशवसुतांच्या कवितेत आहे ते घर सोडल्यामुळे आहे. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता पाहा. कोकणापासून दूर, घाटापलीकडे बसलेला माणूस ज्या दिशेला आपले गाव आहे त्या दिशेहून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतो. ही कविता मालगुंडात बसून लिहिणे शक्य नव्हते. तेथे नैर्ऋत्येचा वारा हा नुसता वारा असतो, निरोप नसतो. कालिदासाच्या यक्षाने मेघाला निरोप सांगितला तो पत्नीसाठी. केशवसुतांचा वारा निरोप घेऊन जात नाही, तो तिकडून आलेला आहे, आणि त्याच्या स्पर्शातच काय तो निरोप. ‘मेघदूत’च्या परंपरेला दिलेले हे वळण फार नाजूक आहे. दूर राहिलेल्या माणसाला गावाकडे काही कळवावयाचे नसते. तिकडचे काही कळावे एवढीच त्याची इच्छा असते. दिल्लीत मे महिन्याची लू अंगावर घेताना ही कविता ज्याने आठवली असेल, त्याला तिचे मर्म समजावून सांगावयास नको.

तेव्हा जन्मघर हे स्मारकाचे केंद्र करताना एक धोका संभवतो: कवी त्या मातीतून झाडासारखा उगवला आणि तेथेच उभा राहिला, असा समज. केशवसुत झाड नव्हते. वाऱ्यावर गेलेले बी होते. घर जपावे, अवश्य जपावे. पण त्या घराच्या भिंतीवर एक नकाशा असावा, आणि त्यात मालगुंडपासून हुबळीपर्यंतची रेषा ओढलेली असावी, असे माझे मन म्हणते. त्या रेषेशिवाय ते घर कवीचे घर होत नाही. नुसते कोकणातले एक जुने घर राहते.

या रेषेच्या शेवटच्या टोकाला एक योगायोग आहे. केशवसुत धारवाडात मराठी शिकवीत होते त्या सुमारास, त्याच गावात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे नावाचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा वाढत होता. त्याच्या घरची भाषा मराठी. पुढे तो कन्नडचा वरकवी झाला. १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्याने मराठीतही लिहिले. या दोघांची गाठ पडली असे मला म्हणावयाचे नाही. पण एका भाषेचा कवी दुसऱ्या भाषेच्या गावात अखेरचे दिवस काढतो, आणि त्याच गावातला मुलगा घरची भाषा जपत दुसऱ्या भाषेचा महाकवी होतो, हे चित्र मनात ठेवण्यासारखे आहे. कवींच्या मालकीचे गाव एक नसते.

६

शेजारच्या भाषांनी आपल्या कवींसाठी काय केले, हे पाहण्याची संधी आपल्यासारख्या बदलीवर फिरणाऱ्यांना स्वदेशी राहिलेल्यांपेक्षा अधिक मिळते. केरळात तिरूर येथे एळुत्तच्छनच्या नावाची तुंचन परंबू ही जागा आहे. विजयादशमीला तेथे दूरदूरहून आईबाप लहान मुलांना घेऊन येतात आणि मुलांच्या आयुष्यातले पहिले अक्षर तेथे गिरविले जाते. मलयाळम काव्याचा आद्यपुरुष म्हणून ज्याला मान आहे त्याचे स्मरण नव्या मुलाच्या बोटातून होते. दर वर्षी घातली जाणारी ही रांगोळीच नव्हे काय? शिमोगा जिल्ह्यातील कुप्पळ्ळीस कुवेंपूंचे घर आहे, आणि वर टेकडीवर कविशैल. ज्या खडकांवर कवी बसत असत तेथेच १९९४ मध्ये त्यांना अखेरचा विसावा मिळाला. तेथे पाहण्यासारखे फार थोडे आहे. दगड, वारा आणि पलीकडचे सह्याद्रीचे रान. पण कवीने जेथून पाहिले तेथून पाहता येते. एका स्मारकाने कवीचे काम पुढे चालविले, दुसऱ्याने कवीची दृष्टी उसनी दिली. मालगुंडला काव्यदालनामुळे पहिल्याच्या जवळ जाता आले आहे.

आणि आपण? प्रांताबाहेरच्या आपल्या मंडळांतून कवींची स्मारके नाहीत असे नाही. एखाद्या सभागृहाला नाव, एखादी तसबीर, वर्षातून एकदा हार आणि अध्यक्षांचे भाषण. एका शहरातील अशा एका सभागृहात मी एकदा पुण्यतिथीच्या कार्यक्रमास गेलो होतो. दीड तासात कवीची एकही कविता म्हटली गेली नाही. वेळ आभारप्रदर्शनात गेला. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे कोणत्याही शहरात घडू शकते. हारामागची तसबीर दिसेनाशी होते तशी सत्कारामागची कविता दिसेनाशी झाली होती. मूर्ती शाबूत, आतली संपत्ती अस्पर्श!

आपल्यापाशी जन्मघरे नाहीत. ग्वाल्हेरीस तांब्यांचे आयुष्य गेले, बडोद्यास चंद्रशेखरांचे. पण सर्वच शहरांना असे भाग्य लाभत नाही, आणि आज असलेला वाचक उद्या बदलून जातो. म्हणून दगडांत स्मारक करणे हे आपले काम नव्हे. आपल्याला जमेल ते रांगोळीचे काम. ७ नोव्हेंबर ही केशवसुतांची पुण्यतिथी. दिवाळी बहुधा नुकतीच होऊन गेलेली वा तोंडावर आलेली असते. रजा मिळालेले गावी गेलेले असतात आणि न मिळालेले येथेच असतात. त्या न मिळालेल्यांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे, भाषण न करता ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’पासून आरंभ करून ‘हरपले श्रेय’पर्यंत यावे, आणि मधे कोणी नवीन लिहीत असेल तर त्याचीही एखादी कविता ऐकावी. मुलांनाही बसवावे, त्यांना सारे शब्द कळणार नाहीत, पण वृत्त कळेल. ‘झपूर्झा’ तर त्यांनाच आधी कळेल. अशा बैठकीला खर्च चहाचा.

मालगुंडला ज्यांना जाणे जमेल त्यांनी अवश्य जावे. गावी जाण्याच्या रजेत दोन दिवस त्यासाठी सहज निघतात. घर पाहावे, शिळांपाशी थांबावे, आणि काव्यदालनात इतरांपेक्षा थोडा अधिक वेळ द्यावा. परत नोकरीच्या गावी आल्यावर मात्र त्या वास्तूचे छायाचित्र दाखविण्यापेक्षा तेथे वाचलेली एखादी कविता कोणाला तरी म्हणून दाखवावी. कोकणच्या लोकांनी आपल्या कवीसाठी जे केले ते मनापासून आणि पुष्कळ केले. हुबळीपर्यंतची उरलेली रेषा ओढण्याचे काम त्यांच्यावर टाकणे योग्य नव्हे. त्या रेषेवर राहणारे आपण आहोत.